चिमणी राखली, गिरणी गेली

जुन्या गिरणीच्या जागेचा नवा आराखडा जाहीर होतो तेव्हा त्यातलं एक चित्र ठरलेलं असतं. मधोमध विटांची चिमणी, तिच्या पायथ्याशी हिरवळ आणि बाकं, मागे मनोरे. चिमणी उभी आहे म्हणजे वारसा जपला, असं धरून चाललं जातं आणि विषय तिथेच संपतो. मुंबईच्या गिरणगावात हे होऊन गेलं. ठाण्यात १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडच्या लोकरगिरणीच्या आवारात आज निवासी मनोरे आहेत. पुणे स्टेशनजवळची १८९३ ची राजा बहादूर मिल उपाहारगृहांनी आणि कार्यालयांनी पुन्हा गजबजली आहे. ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट, कारण तिथल्या जुन्या शेड निदान वापरात आहेत. पण गिरणीत नेमकं काय जपायचं, हा प्रश्न आपल्या शहरात, पुण्यात, कुणी धसास लावलेला नाही.

आमचं म्हणणं असं की चिमणी आणि दर्शनी भिंत हे गिरणीचे सगळ्यात कमी बोलके भाग आहेत. चिमणी एवढंच सांगते की इथे बॉयलरखाली कोळसा जळत होता. आत कापूस होता, लोकर होती, कागद होता की साखर, हे तिच्यावरून कळत नाही. ते कळतं छपराच्या कैचीवरून, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यावरून, काचेच्या कोनावरून, खांबांमधल्या अंतरावरून, फरशीच्या उतारावरून आणि खांबांच्या डोक्यावर शाफ्ट, म्हणजे यंत्रांना शक्ती पोचवणारे फिरते दांडे, टांगण्यासाठी ठेवलेल्या सपाट जागांवरून. परवानगी देताना जपण्याची अट या गोष्टींवर असायला हवी. हे पटवून द्यायला लोकरगिरणीइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही, कारण लोकर हा माल फार मागण्या करतो आणि त्यातली प्रत्येक मागणी इमारतीत उतरलेली असते.

मेंढीच्या अंगावरून उतरलेल्या मेरिनो लोकरीच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा भाग चरबी, घामाचे क्षार आणि माती यांचा असतो. ती काढल्याशिवाय पुढचं एकही यंत्र चालत नाही. धुलाईसाठी तीन ते पाच लांबट टाक्या एका रांगेत असतात. पहिल्या टाक्यांत साबण आणि धुण्याचा सोडा घातलेलं ५० ते ५५ अंशांचं पाणी, शेवटच्यात नुसतं पाणी. पाणी फार तापलं किंवा सोडा जास्त झाला तर लोकर पिवळी पडते, आणि जोरात ढवळली तर तिचे गठ्ठे बांधले जातात. हे गठ्ठे पुढे पिंजताना तुटतात आणि तंतू आखूड होतो. किलोभर लोकरीला दहा-पंधरा लिटर पाणी सहज लागतं. म्हणून धुलाईखातं कायम तळमजल्यावर, दगडी फरशीचं, एका बाजूला उतार आणि झाकलेलं गटार असलेलं. पाणीही मृदू हवं. आपल्या दख्खनच्या कातळातल्या विहिरींचं पाणी पुष्कळदा जड असतं. त्यात साबण घातला की फेस येण्याऐवजी चुन्याचा चिकट साका तयार होतो, तो तंतूवर बसतो आणि तिथे रंग धरत नाही. गिरण्या नदीकाठी का बांधल्या गेल्या, याचं उत्तर केवळ पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चाकात किंवा बॉयलरच्या पाण्यात नाही. जुनी गिरणी नव्या वापरासाठी घेतली की सगळ्यात आधी चकचकीत टाइल्सखाली जाते ती हीच उताराची फरशी.

धुण्याआधी किंवा नंतर लोकर मोकळी करण्यासाठी खिळे लावलेला मोठा ढोल फिरतो. मेंढीच्या लोकरीत खडा किंवा खिळा अडकलेला असेल तर ढोलात ठिणगी उडते, आणि भोवती धूळ आणि चरबट तंतू उडत असतात. म्हणून हे यंत्र मुख्य इमारतीपासून सुटं, जाड भिंतींच्या छोट्या खोलीत ठेवण्याची रीत होती. नकाशे तयार करणाऱ्यांना त्या खोलीचं काम माहीत नसतं. ते तिच्यावर 'स्टोअर' लिहितात आणि ती पाडण्याच्या यादीत जाते.

कुसळं आणि गोखरू काढण्याचा एक वेगळाच विभाग असे. लोकर ५-६ टक्के सौम्य गंधकाम्लात भिजवून पिळायची आणि शंभर अंशांच्या वर भट्टीत सुकवायची. वनस्पतीचा अंश करपून ठिसूळ होतो, रुळांखाली चुरा होऊन झडतो, लोकरीला फारसं काही होत नाही. भिंतींना मात्र होतं. आम्लाची वाफ चुन्याच्या मसाल्यात शिरली की तिथे जिप्सम तयार होतं. ते जास्त जागा घेतं, सांधे फुगतात आणि विटांचे पापुद्रे सुटतात. अशा भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा चढवला की क्षार आत कोंडतात आणि चार-पाच पावसाळ्यांत गिलावा विटेचा तुकडा घेऊन खाली येतो. डागडुजी करण्याआधी ही खोली कुठे होती हे ठाऊक असणं म्हणूनच पैशांचाही प्रश्न आहे.

पिंजण्याआधी लोकरीला तेल द्यावं लागतं, पूर्वी ऑलिव्हचं, नंतर चरबीतून काढलेलं ओलेइन. ते लाकडी तक्तपोशीत, म्हणजे फळ्यांच्या जमिनीत, मुरतं. तेलकट कचऱ्याचा ढीग कोपऱ्यात पडून राहिला तर आतल्या आत तापून स्वतःच पेट घेतो. लोकर स्वतः सहजी पेटत नाही, तिच्या गिरण्या मात्र वारंवार जळाल्या. त्यातूनच बिडाचे खांब, बिडाच्या तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बसक्या कमानी अशी बांधणी पुढे आली. इंग्लंडमधल्या श्रूजबरीची जवसतंतूंची (लिननची) गिरणी १७९७ ची, ती या पद्धतीची जगातली पहिली मानली जाते. लीड्सजवळची आर्मली मिल आगीनंतर १८०५ मध्ये पुन्हा उभी राहिली. ग्लॉस्टरशरमधली स्टॅनली मिल १८१३ ची. आपल्याकडे अशाच बसक्या कमानींचे, म्हणजे जॅक आर्चचे, स्लॅब रेल्वे स्टेशनांपासून वाड्यांपर्यंत सगळीकडे दिसतात. त्या पद्धतीची मुळं गिरणीच्या आगीत आहेत.

इमारतीची रुंदी ठरवली ती म्यूल नावाच्या कातणयंत्राने. म्यूलची गाडी रुळांवर पुढे-मागे दीड-दोन मीटर धावते; बाहेर येताना धागा ओढते आणि पीळ देते, परतताना गुंडाळते. चारशे चात्या आणि दोन चात्यांमध्ये दोन इंच अंतर धरलं तर गाडीच ८०० इंच, म्हणजे ६७ फुटांच्या आसपास लांब होते. दोन्ही टोकांना माणसाला जायला वाट सोडली की पंचाहत्तर फूट झाले. म्यूल आडवा ठेवायचा असेल तर मजल्याची रुंदी तेवढीच हवी, आणि गाडीच्या मार्गात खांब येता कामा नये. खांबांच्या ओळी कुठे आहेत हे बघून जाणकार माणूस आज रिकाम्या मजल्यावरही यंत्रं कुठे होती ते सांगू शकतो. आतल्या भिंती घालून त्या मजल्याची वीस कार्यालयं केली की ही वाचनाची सोय संपते, खांब जागेवर असले तरी.

शक्ती कशी पोचत होती तेही भिंतीत लिहिलेलं असतं. सुरुवातीला तळापासून माथ्यापर्यंत एक उभा शाफ्ट आणि मजल्यागणिक दातेरी चाकं. १८७० च्या सुमारापासून इंजिनाच्या खाचा पाडलेल्या अवजड चाकावरून सुती दोर प्रत्येक मजल्यावर जाऊ लागले. त्यांच्यासाठी इमारतीच्या पूर्ण उंचीची एक अरुंद मोकळी खोली ठेवत. नव्या आराखड्यात लिफ्ट बसवायला ती आयती जागा वाटते. लिफ्ट दुसरीकडे बसते. दोरांची खोली दुसरीकडे हलवता येत नाही.

माग मात्र वरच्या मजल्यावर नको असत. शंभर माग एकाच लयीत आपटू लागले की मजला हलतो. म्हणून विणकाम जमिनीवर, एकमजली शेडमध्ये, करवती छपराखाली. काच उत्तरेला, कौलांचा उतार दक्षिणेला. इथे एक बाब आवर्जून सांगायला हवी, कारण आज पुण्यात नव्या इमारतींवरही हे छप्पर हौसेने चढवलं जातं. इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये काच जमिनीशी ६० अंशांवर तिरपी ठेवत. तिथल्या ब्रॅडफर्डला ऐन जूनच्या मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून साठ अंशांपेक्षा वर चढत नाही, त्यामुळे दुपारचं ऊन त्या काचेतून आत येत नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. इथे फेब्रुवारीच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य साठ अंशांच्या वर असतो, आणि मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर तो डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो. साठ अंशांची काच इथे लावली तर आठ महिने मागावर थेट ऊन पडेल. आपल्याकडे काच उभी, किंवा उभीला अगदी जवळची हवी, वर छज्जा हवा. जुन्या शेडची काच किती अंशांवर आहे हे मोजलं तर तिचा नकाशा विलायतेहून जसाच्या तसा आला होता की इथल्या सूर्याचा हिशेब करून काढला होता, हे समजतं. छप्पर बदलताना हा कोन सरळ करून टाकतात आणि त्याची नोंदही ठेवत नाहीत.

करवती छपराचं दुखणं दोन उतारांमधल्या पन्हळीत असतं. अनेक शेडमध्ये पन्हळ बिडाची आणि तिचं पाणी पोकळ खांबांमधूनच खाली जातं. पानांनी आणि कबुतरांच्या घाणीने तोंड बुजलं की जुलैमध्ये पाणी खांबात साठतं आणि खांब बुंध्याशी आतून गंजतो. बाहेरून रंग दिलेला असल्यामुळे दिसत काहीच नाही. पावसाळ्याआधी पन्हळ साफ करणं, खांबातून दोर सोडून तो खालून निघतो का ते बघणं, एवढ्यानेही अशी शेड पन्नास वर्षं टिकते.

मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि खरखरीत असतं. साबणाच्या पाण्यात ते कुटलं किंवा रुळांतून दाबलं की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, कापड रुंदीला तिसऱ्या हिश्शाने आटू शकतं आणि दाट होतं. कांबळी आणि लष्करी कोटाचं कापड या टप्प्यावर घडतं. कुटण्याचे जड लाकडी घण भक्कम पायावरच बसतात. तळमजल्याच्या फरशीखालचे मोठे दगडी चौथरे त्यांचे. मग कापड आकड्यांवर ताणून सुकवायचं, त्यासाठी लांबलचक, वारा खेळणारा माळा किंवा उघडं मैदान.

भारतात ही सगळी साखळी एका आवारात आणणारी पहिली मोठी नावं उत्तरेतली आहेत: कानपूरची १८७६ ची लाल इमली आणि पंजाबातली १८८० ची धारीवाल. दोन्ही मुख्यतः लष्कराच्या मागणीवर वाढल्या. लाल इमलीची लाल विटांची मनोऱ्याची इमारत आजही कानपूरची खूण आहे. महाराष्ट्रात ठाण्याची गिरणी १९४४ मध्ये कैलाशपत सिंघानियांकडे आली आणि तिथलं कापड घराघरात पोचलं. त्या आवारातल्या धुलाईखात्याची, कातणखात्याची, मागांच्या मांडणीची मोजमापांसह केलेली नोंद आज विद्यार्थ्याला सहज बघायला मिळायला हवी होती. शाळेच्या क्रमिक पुस्तकात गिरणीचा संप येतो, भोंगा येतो; कापड कसं होत होतं ते येत नाही.

बाहेर काय झालं तेही पाहावं. टायटस सॉल्टने १८५३ मध्ये सॉल्टेर इथे उभारलेली गिरणी १९८६ मध्ये बंद पडली. पुढे तिथे चित्रदालन, दुकानं, कार्यालयं आली आणि २००१ मध्ये ते अख्खं गाव जागतिक वारसा यादीत गेलं. इमारत वाचली, हे मोठं यश. पण तिच्या मजल्यांवर हिंडताना अल्पाकाचा धागा कसा निघत होता ते समजत नाही. याउलट जर्मनीत ऑयस्किर्शनजवळ म्युलर कुटुंबाची लोकरगिरणी १९६१ मध्ये थांबली. मालकाने काम पुन्हा सुरू होईल या आशेने काहीही विकलं नाही. यंत्रं, पट्टे, तेलाचे डबे, सगळं जागच्या जागी राहिलं. ऱ्हाइनलँडच्या प्रादेशिक संस्थेने ते ताब्यात घेऊन २००० मध्ये संग्रहालय उघडलं, आणि आज तिथे जुनी यंत्रं चालवून दाखवतात. सॉल्टेरच्या मानाने ही इमारत अगदी साधी आहे. शिकायला मात्र तिथे जास्त मिळतं. डेव्हनमधली कोल्डहार्बर मिल १९८१ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी चालतं संग्रहालय म्हणून उघडली. मधे वेळ गेला नाही म्हणून तिथले हात आणि यंत्रं दोन्ही शाबूत राहिले.

आपल्याकडे यावर उत्तर येतं की जमिनीच्या भावात हे परवडत नाही, आणि विटांआधी कामगारांच्या देण्यांचा विचार करा. दुसरा मुद्दा पूर्ण खरा आहे. मुंबईत १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे उद्यानं, परवडणारी घरं आणि मालक असे तीन हिस्से ठरवले होते. २००१ च्या बदलाने तो हिशेब फक्त मोकळ्या जागेपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. उद्यानांना आणि परवडणाऱ्या घरांना जागा त्यामुळे फार कमी मिळाली. पण गिरणीची रचना जपल्यामुळे कामगारांचं नुकसान झालं, असं त्या सगळ्या इतिहासात कुठेच घडलेलं नाही. दोघांनाही डावलूनच मनोरे उभे राहिले. खर्चाचं म्हणाल तर आमची मागणी अख्खी गिरणी गोठवून ठेवण्याची नाही. करवती शेडचे चाळीस गाळे असतील तर एकोणचाळीस वापरा. एक गाळा पायापासून पन्हळीपर्यंत मूळ स्थितीत ठेवा: त्याची फरशी, खांब, शाफ्टचे कंस, काच, कैची, आणि मिळाल्यास एक यंत्र त्याच्या मूळ पायावर.

उरलेल्या गाळ्यांतही काही चुका टाळता येण्यासारख्या आहेत. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही. तडा गेलेल्या तुळईला वेल्डिंग केलं की शेजारीच नवा तडा जातो, म्हणून तिथे थंड पद्धतीने धातूचे टाके घालतात किंवा तिच्यावरचा भार पोलादी आधाराने काढून घेतात. बैठका आणि कार्यक्रमांसाठी भारतीय मानकांत चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किलो भार धरतात. यंत्रं पेलली म्हणजे नाचणारी गर्दीही पेलेल, असं गृहीत धरता येत नाही. यंत्राचा भार ठरलेल्या जागी तुळईवर असे. विटांवर वाळूचा मारा करून त्या 'नव्यासारख्या' केल्या की वरची भाजलेली कातडी जाते आणि वीट पाणी पिऊ लागते. सांधे भरायला एकास तीन प्रमाणात चुना आणि वाळू, हवी तर थोडी सुरखी (विटांची पूड), सिमेंट नको. चिमणीच्या ज्या अंगाला पावसाचा मारा जास्त, त्या अंगाचा मसाला गंधकाच्या क्षारांनी फुगतो आणि चिमणी उलट्या अंगाला कलते. तेव्हा चिमणी जपायचीच असेल तर निदान तिचा कल दरवर्षी मोजावा. लोकरगिरणीत आणखी एक धोका आहे, तो सुती गिरणीत तितका नसतो. लोकर आणि केस निवडण्याच्या खोल्यांत अँथ्रॅक्सने माणसं दगावली आहेत. ब्रॅडफर्डमध्ये या आजाराला लोकर निवडणाऱ्यांचंच नाव पडलं होतं. त्याचे बीजाणू धुळीत वर्षानुवर्षं टिकतात. अशा खोलीच्या तक्तपोशीखालची धूळ झाडूने उडवू नये, आधी तपासून घ्यावी. ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचंही तसंच: फोडायचे नाहीत, ओले करून अखंड उतरवायचे.

पुण्याला या विषयात विशेष रस असायला आणखी एक कारण आहे. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचं मुख्यालय गोखलेनगरला आहे, आणि पुणे, सातारा, सांगली, सोलापूरच्या माळरानांवर दख्खनी मेंढीचे कळप आजही फिरतात. या मेंढीची लोकर भरड आणि केसाळ. सुटाच्या कापडाला ती चालत नाही. सनगरांनी खड्डामागावर विणलेल्या आणि चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या घोंगडीला ती चालते, तशीच ती जाजमांना, न विणता दाबून केलेल्या नमद्याला, इमारतींच्या उष्णतारोधक थरालाही चालते. आज ती कातरण्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून कित्येक ठिकाणी टाकून दिली जाते. जुन्या शेडचा राखलेला गाळा नुसता बघायला ठेवण्यापेक्षा तिथे धुण्याच्या तीन छोट्या टाक्या, मोकळं करण्याचा ढोल आणि एक पिंजणयंत्र अशी दिवसाला पन्नास किलोची साखळी बसवता येईल. पन्नास किलोला पाणी लागेल पाचशे ते साडेसातशे लिटर, म्हणजे टँकरचा लहानसा भाग. त्याचं सांडपाणी चरबट असतं; चरबी वेगळी करण्याची टाकी आधी बसवल्याशिवाय ते गटारात सोडू नये, नाहीतर गटार तुंबून महिन्याभरात शेजाऱ्यांची तक्रार येईल, आणि तक्रार रास्त असेल. पिंजणयंत्र लोकरीचंच घ्यावं. कापसाच्या कार्डिंग मशीनवर लांब, भरड तंतू चालवला तर तारा वाकतात.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंच्या श्रेणी आहेत, समितीची तरतूद आहे. गिरणीसाठी वेगळा कायदा करत बसायची गरज नाही. पाडकामाच्या किंवा वापरबदलाच्या अर्जाबरोबर कामाचा नकाशा मागावा: कच्चा माल कुठून आत आला, कुठल्या यंत्रातून कुठे गेला, पाणी कुठून आलं आणि कुठे सोडलं, शक्ती कशी पोचली. सोबत छपराचा काटछेद मोजमापांसह आणि त्याची एक प्रत सार्वजनिक ग्रंथसंग्रहात. हा नकाशा वास्तुविशारद एकटा काढू शकत नाही. त्यासाठी त्या खात्यांत पाळ्या केलेले जॉबर (मुकादम), फिटर, धुलाईवाले सोबत लागतील, आणि आज त्यातले बहुतेक जण साठीच्या पुढे आहेत. त्यांना रिकाम्या शेडमध्ये नेऊन, मोजणीपट्टीसह, कुठल्या खांबापाशी काय होतं त्याच्या खुणा करून घ्यायला दोन-तीन दिवस पुरतात. महापालिकेने अर्जासोबत जोडायच्या कागदांच्या यादीत ही एक बाब वाढवावी, आणि तो नकाशा आल्याशिवाय पाडकामाचा दाखला देऊ नये.